ख्रिस्ती विवाह: वचन देण्याआधी आणि दिल्यानंतर

ख्रिस्ती पद्धतीने विवाह करू इच्छिणारी जोडपी पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा विधीविषयी असतात: अंगठ्या केव्हा घालायच्या, साक्षीदार किती लागतात, प्रार्थना कोण म्हणणार. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतील. मात्र माझे पती आणि मी गेली अनेक वर्षे आमच्या मंडळीत विवाहपूर्व तयारीच्या बैठका घेत आलो आहोत, आणि त्या अनुभवातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ख्रिस्ती विवाह म्हणजे मुळात एक वचन आहे. आणि माणसाने माणसाला वचन द्यायचे म्हणजे काय, हे देवाने माणसाला दिलेल्या वचनाकडे पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. ज्यांनी हे आधी समजून घेतले त्यांना विधीतला शब्दन्‌शब्द ओळखीचा वाटू लागतो. ज्यांचे ते राहून गेले त्यांना पहिल्या मोठ्या भांडणाच्या वेळी हाताशी धरायला काही सापडत नाही.

श्रद्धेत नव्याने आलेल्यांसाठी, ख्रिस्ती व्यक्तीशी विवाह ठरलेल्यांसाठी, आणि जन्माने ख्रिस्ती असूनही या विषयापाशी कधी थांबले नाहीत अशांसाठी हे लिहीत आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, पण त्या सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

पहिली पायरी: पाच उतारे एकत्र वाचा

तयारीची धावपळ सुरू होण्याआधी दोघांनी पवित्र शास्त्रातील पाच उतारे एकत्र बसून वाचावेत. एकाच बैठकीत सगळे उरकू नयेत. आठवड्याला एक पुरे. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे, आणि पुढच्या आठवड्यात पाळी बदलावी. वाचून झाल्यावर लगेच चर्चा सुरू करण्यापेक्षा थोडा वेळ गप्प बसणे बरे.

पहिला उतारा उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातला, १८ ते २४ ही वचने. माणसाने एकटे असावे हे बरे नाही, असे देव म्हणतो आणि त्याच्यासाठी अनुरूप साहाय्यक निर्माण करतो. ‘साहाय्यक’ हा शब्द कानावर पडताच आपल्या मनात हाताखालचा माणूस उभा राहतो, आणि इथेच पुष्कळांची पहिली चूक होते. मूळ हिब्रू शब्द ‘एझेर’ असा आहे, आणि स्तोत्रांमध्ये तो खुद्द परमेश्वरासाठी वारंवार येतो. १२१व्या स्तोत्रात भक्त डोंगरांकडे डोळे लावून, माझे साहाय्य कोठून येईल, असे विचारतो तेव्हाही हाच शब्द आहे. त्यामुळे साहाय्य करणारी व्यक्ती कमी दर्जाची, असा अर्थ या वचनातून काढता येत नाही. याच उताऱ्याच्या शेवटी पुरुष आपल्या आईवडिलांना सोडून पत्नीशी ‘जडून राहील’ असे म्हटले आहे. त्यासाठी वापरलेले हिब्रू क्रियापद ‘दाबाक’ पुढे दोन ठिकाणी अवश्य पाहावे. रूथच्या पहिल्या अध्यायात विधवा सून आपल्या विधवा सासूला बिलगून राहते तिथे ते आहे, आणि जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात इस्राएलाने परमेश्वराला धरून राहावे असे सांगितले आहे तिथेही ते आहे. पतिपत्नींचे जडणे, निराधार नामीला न सोडणारी रूथ, आणि देवाला धरून राहणारे लोक, या तिघांना शास्त्र एकाच शब्दाने बांधते. विवाहात देवाच्या प्रीतीचे प्रतिबिंब दिसते हे म्हणणे केवळ अलंकारिक नाही, याची पहिली खूण इथे सापडते.

दुसरा उतारा उत्पत्तीचा पंधरावा अध्याय. विवाहाच्या तयारीत हा कुणी सहसा वाचत नाही, आणि म्हणूनच मी तो आग्रहाने वाचायला सांगते. त्या काळी करार करताना जनावरे चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर ठेवीत आणि करार करणारे त्या भागांमधून चालत जात. मी वचन मोडले तर माझी गतही अशीच होवो, असा त्याचा अर्थ होता. ज्याला देव वचन देत आहे तो अब्राहाम (त्या वेळचा अब्राम) कालवड, शेळी आणि मेंढा चिरून मांडतो, मांसावर झडप घालणारे पक्षी हाकलत दिवसभर बसतो, आणि सूर्य मावळता मावळता त्याला गाढ झोप लागते. मग अंधारात धुराची भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीच्या खुणा, त्या भागांमधून जातात. अब्राहाम जात नाही. वचनाचा सगळा भार देव एकटा स्वतःवर घेतो. हे चित्र दोघांनी नीट मनात साठवावे, कारण पुढे निष्ठेविषयी जे काही म्हणायचे आहे ते याच चित्रावर उभे आहे.

तिसरा उतारा होशेयचे पहिले तीन अध्याय. संदेष्टा होशेय याचे लग्न गोमेर नावाच्या स्त्रीशी झाले, ती अन्य पुरुषांमागे गेली, आणि देवाने हे मोडलेले घर इस्राएलाच्या बेइमानीचे चित्र म्हणून वापरले. मुलांची नावेसुद्धा काळजाला घरे पाडणारी आहेत: लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती, आणि लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हे. परंतु दुसऱ्या अध्यायात देवाचा सूर पालटतो आणि तो आपल्या लोकांना सर्वकाळासाठी आपली वाग्दत्त वधू करण्याचे अभिवचन देतो; नीतीने, न्यायाने, ममतेने, दयेने आणि विश्वासूपणाने. तिसऱ्या अध्यायात होशेय १५ शेकेल चांदी आणि दीड होमेर जव मोजून स्त्रीला सोडवून आणतो. किंमत चांदी आणि धान्य अशी दोन्ही मिळून चुकवली आहे, आणि पुरेशी चांदी त्याच्याजवळ नसावी असे मला हे वाचताना दरवेळी वाटते. देवाची प्रीती फुकट मिळते, पण ती देवाला फुकट पडत नाही.

उरलेले दोन उतारे नव्या करारातले आहेत. मार्कच्या दहाव्या अध्यायात परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे यहूदी) येशूला सोडचिठ्ठीविषयी विचारतात आणि तो त्यांना मोशेने सोडचिठ्ठीला दिलेल्या परवानगीच्याही मागे, थेट सृष्टीच्या आरंभाकडे घेऊन जातो. ती परवानगी अंतःकरणाच्या कठोरतेमुळे दिली होती, असे तो स्पष्ट सांगतो. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाविषयी मात्र एक सूचना आहे. वाचन २२व्या वचनापासून सुरू करू नका, २१व्यापासून करा. ‘ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा’ हे २१वे वचन आहे, आणि सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत पत्नींविषयीच्या २२व्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते मागच्या वचनातून घ्यावे लागते. म्हणजे परस्परांच्या अधीनतेचे छप्पर दोघांवर आहे. पुढे पतीला तीन वेळा प्रीती करण्याची आज्ञा होते, आणि मापही दिले जाते: ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला अर्पण केले, तशी. हा उतारा हाताशी धरून पत्नीवर हुकूम गाजवणाऱ्या पुरुषाने २५वे वचन वाचलेले नसते, असे मी स्पष्टच म्हणते.

दुसरी पायरी: ‘करार’ या शब्दाचा अर्थ लावून घ्या

आपल्या भाषेत इथे एक अडचण आहे. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात जुना करार, नवा करार असा शब्द आला, आणि रोजच्या व्यवहारात आपण भाडेकरार, खरेदीकरार, नोकरीचा करारनामा असे म्हणतो. साहजिकच विवाह हा करार आहे असे ऐकल्यावर नव्या माणसाच्या डोळ्यांपुढे अटी, मुदत आणि सह्या येतात. व्यवहारातला करार परस्परांवरच्या अविश्वासाची सोय म्हणून केलेला असतो. समोरच्याने भाडे थकवले तर घर रिकामे करून घेण्याचा हक्क राहतो, आणि एकाने अट मोडली की दुसरा मोकळा होतो.

शास्त्रातला करार वेगळ्या धाटणीचा आहे. त्यात माणूस वस्तू किंवा सेवा देत नाही, स्वतःला देतो. आणि दुसऱ्याचे वागणे पाहून आपले वचन कमीजास्त करत नाही. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात पत्नीला ‘तुझ्या कराराची पत्नी’ म्हटले आहे आणि त्या कराराचा साक्षी स्वतः परमेश्वर आहे असे सांगितले आहे. कॅथलिक धर्मसभेने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, आणि नंतर १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यात, विवाहासाठी हाच व्यापक शब्द पुढे आणला. त्याआधीच्या १९१७ च्या कायद्याची भाषा अधिक व्यवहारी, कंत्राटाच्या अंगाने जाणारी होती. प्रोटेस्टंट मंडळ्या विवाहाला संस्कार म्हणत नाहीत, पण करार या शब्दावर त्याही तितकाच भर देतात.

या कराराच्या पोटात असलेल्या प्रीतीला हिब्रूत ‘हेसेद’ असा शब्द आहे. मराठी शास्त्रात तो कधी दया, कधी वात्सल्य, कधी प्रेमदया म्हणून येतो, कारण एका शब्दात तो मावत नाही. जवळिकीचे नाते असल्यामुळे, आणि ते नाते सोयीचे उरले नाही तरी, टिकून राहणारी ममता, असा त्याचा अर्थ आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर लिहिलेल्या विलापगीतात, राखेत बसलेला माणूस, परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, तुझी सत्यता मोठी आहे, असे म्हणतो. सगळे सुरळीत चालले असताना हे म्हणणे कुणालाही जमले असते.

भावना ओसरते आणि पुन्हा भरून येते. ती माणसाच्या हातात नाही. म्हणून करारात भावनेचे वचन नसते, वागण्याचे असते. आरंभीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल याने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचे वर्णन केले आहे ते पाहा: ग्रीकमध्ये तिथे विशेषणे नाहीत, एकामागून एक क्रियापदे आहेत, प्रीती काय करते आणि काय करत नाही. त्यात ‘अपकार स्मरत नाही’ असे जे म्हटले आहे, त्यातले मूळ क्रियापद जमाखर्चाच्या वहीतले आहे. प्रीती झालेल्या अपकारांची नोंद करून ठेवत नाही. ज्या घरात अशी वही उघडली जाते तिथे भांडण कालच्या गोष्टीवरून सुरू होते आणि नऊ वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर जाऊन थांबते.

इथे एक सावधगिरीही हवी. विवाह हे देवाच्या प्रीतीचे प्रतिबिंब आहे, ती प्रीती स्वतः नव्हे. चंद्राला आपला उजेड नसतो. जोडीदाराने आपल्या मनातली प्रत्येक पोकळी भरावी, आपल्याला कधीच एकटे वाटू देऊ नये, आपला सगळा भूतकाळ पुसून टाकावा, ही अपेक्षा माणसाकडून पुरी होत नाही, आणि ती लादली की चांगली माणसेसुद्धा तिच्याखाली मोडतात. येशू आणि पौल दोघेही अविवाहित होते. पुनरुत्थानानंतर लग्ने नसतील, असे येशूने मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि प्रकटीकरणाच्या शेवटी जे लग्न आहे ते कोकऱ्याचे, म्हणजे ख्रिस्ताचे, आणि त्याच्या मंडळीचे आहे. आपला विवाह त्या लग्नाकडे बोट दाखवतो, एवढीच त्याची थोरवी आणि एवढीच त्याची मर्यादा.

तिसरी पायरी: एकमेकांना अवघड प्रश्न विचारा

हे प्रश्न साखरपुड्यानंतर विचारले तर उत्तरे संकोचाने दिली जातात, म्हणून ते लवकर विचारावेत. डोक्यावर कर्ज आहे का, आणि किती? आईवडिलांची जबाबदारी कोणावर आहे, आणि पैशाने की प्रत्यक्ष सांभाळण्याने? मुले हवी आहेत का, आणि झाली नाहीत तर? दोघे वेगवेगळ्या पंथांचे असाल तर रविवारी उपासनेला कुठे जाणार आणि मुलांचा बाप्तिस्मा कुठे होणार? घरात राग कसा व्यक्त होत असे: ओरडून, अबोला धरून, वस्तू आपटून? या शेवटच्या प्रश्नाला मी विशेष महत्त्व देते, कारण भांडायची पद्धत माणूस बालपणी शिकतो आणि ती आपल्याला येते हे त्याला ठाऊकही नसते.

‘नंतर बघू’ हे उत्तर आले तर लग्नाची तारीखही नंतरच बघावी, असे मी जोडप्यांना सांगते. याचा काहींना राग येतो. तो मी सहन करते.

चौथी पायरी: पाळकांना किंवा धर्मगुरूंना भेटा

जितक्या लवकर भेटाल तितके बरे. अनेक ठिकाणी काही महिने आधी कळवावे लागते. बाप्तिस्म्याचा दाखला, आधीचा विवाह झाला असल्यास त्याची कागदपत्रे, आणि देशाच्या कायद्यानुसार लागणारी नोंदणी यांविषयी पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. पंथापंथांत इथे खरे फरक आहेत.

कॅथलिक श्रद्धेनुसार बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा वैध विवाह हा सात संस्कारांपैकी एक आहे, आणि लॅटिन परंपरेत तो संस्कार धर्मगुरू देत नाहीत; वधूवर आपल्या संमतीने तो एकमेकांना देतात, धर्मगुरू मंडळीच्या वतीने ती संमती स्वीकारतात. जोडीदार अन्य पंथाचा असेल तर आधी परवानगी, आणि बाप्तिस्मा न झालेला असेल तर विशेष सूट घ्यावी लागते. प्रोटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानतात आणि विवाहाला देवाने नेमलेली पवित्र व्यवस्था समजतात. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत विधीचे केंद्र मुकुट घालण्यात आहे. वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवतात, दोघे एकाच प्याल्यातून पितात आणि मेजाभोवती तीन फेऱ्या घालतात. हे मुकुट राजाराणीचे, तसेच हुतात्म्यांचेही मानले जातात, आणि अनेक ऑर्थोडॉक्स परंपरांत वधूवर एकमेकांना शब्दांत शपथ देत नाहीत. देव जोडतो आहे एवढेच तिथे पुढे आणले जाते. ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

साक्षीदार आणि जाहीर सूचना यांना काही जण निव्वळ औपचारिकता समजतात. त्यांचा इतिहास जाणला तर तसे वाटणार नाही. पूर्वी दोघांनी एकांतात एकमेकांना दिलेले वचनसुद्धा पाश्चात्त्य मंडळीत विवाह म्हणून ग्राह्य होते, आणि नंतर एकाने ते नाकारले तर दुसऱ्याला, बहुधा स्त्रीला, दाद मागायला काही पुरावा नसे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवाहाची आगाऊ जाहीर सूचना सक्तीची केली आणि १५६३ मध्ये ट्रेंट येथील परिषदेने धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोरच विवाह व्हावा असे ठरवले. साक्षीदार निवडताना म्हणून केवळ जवळचा मित्र किंवा मैत्रीण एवढे पाहू नये. पुढे अडचणीच्या दिवशी तुमच्या घरी येऊन, तुम्ही काय म्हणाला होता ते मी ऐकले आहे, असे प्रेमाने सांगू शकेल असा माणूस निवडावा.

पाचवी पायरी: वचनाचा शब्दन्‌शब्द वाचा

विवाहाची जी शपथ आज जगभर अनेक मंडळ्यांत म्हटली जाते तिचे प्रसिद्ध रूप १५४९ च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात आले, आणि तिचे शब्द त्याहून जुन्या विधींतून घेतले होते. मराठीत तिचा आशय असा: आजपासून पुढे, बऱ्या दिवसांत आणि वाईट दिवसांत, संपन्नतेत आणि दारिद्र्यात, आजारात आणि आरोग्यात, मरण आपल्याला वेगळे करीपर्यंत मी तुझ्यावर प्रीती करीन आणि तुला जपेन. आपल्या मंडळीत वापरला जाणारा नेमका मजकूर पाळकांकडून मागून घ्यावा, तो हाताने एका कागदावर उतरवावा, आणि लग्नाच्या किमान महिनाभर आधी दोघांनी समोरासमोर बसून सावकाश वाचावा. प्रत्येक शब्दापाशी थांबून, या शब्दाचा आपल्या दोघांच्या आयुष्यात सर्वांत अवघड अर्थ काय असू शकेल, हे एकमेकांना सांगावे.

आमच्या बैठकीत एकदा एक तरुण अशी शपथ वाचत होता. ‘संपन्नतेत’ हा शब्द त्याने सहज म्हटला. ‘दारिद्र्यात’ या शब्दावर तो अडखळला. त्याने कागद टेबलावर ठेवला, अंगठ्याने त्याची घडी पुन्हा पुन्हा दाबली, आणि मग वाग्दत्त वधूकडे न पाहताच, भावाच्या धंद्यासाठी मी कर्ज घेतले आहे आणि ते अजून कित्येक वर्षे फिटणार नाही, असे सांगितले. तिला हे ठाऊक नव्हते. तिसऱ्या पायरीतला कर्जाचा प्रश्न आम्ही विचारला होता आणि त्याने ‘विशेष नाही’ असे उत्तर दिले होते. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने रक्कम विचारली, हप्ता विचारला, आणि आपली पेन काढून त्याच कागदाच्या मागे हिशेब मांडायला घेतला. तिला धक्का बसला होता, राग आला होता, आणि तरीही ती हिशेब मांडत होती. त्या संध्याकाळी शपथ पुढे वाचली गेली नाही. पंधरा दिवसांनी वाचली गेली.

वचन आधी वाचण्याचा उपयोग हा असा आहे. प्रश्नपत्रिकेला माणूस चतुराईने उत्तर देतो. शपथेतला शब्द उच्चारताना ती चतुराई गळून पडते. १५व्या स्तोत्रात देवाच्या मंडपात कोण राहील याचे वर्णन करताना, स्वतःचे नुकसान झाले तरी जो दिलेली शपथ बदलत नाही तो, असे म्हटले आहे. नुकसान होऊ शकते हे माहीत असूनच शपथ घ्यायची असते.

सहावी पायरी: विवाहाचा दिवस

या दिवसाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. शास्त्रवाचन, प्रबोधन, संमतीचे प्रश्न, शपथ, अंगठ्या, आशीर्वाद आणि नोंदवहीवर सह्या असा साधारण क्रम पुष्कळ पाश्चात्त्य परंपरांत असतो. कॅथलिक विधीत संमतीआधी तीन गोष्टी विचारल्या जातात: तुम्ही स्वेच्छेने आला आहात का, आयुष्यभर एकमेकांना जपाल का, आणि देव देईल ती मुले स्वीकाराल का. संमती स्वेच्छेची नसेल तर विवाहच होत नाही, हे ध्यानात असू द्या. कुणाच्याही दबावाखाली असाल तर पाळकांना किंवा धर्मगुरूंना आदल्या दिवशीसुद्धा सांगता येते.

शपथ पाळकांच्या मागोमाग म्हणण्याची सोय असते. ती घ्यावी, आणि शब्द उच्चारताना नजर मंडळीकडे किंवा छायाचित्रकाराकडे न वळवता जोडीदाराकडे ठेवावी.

सातवी पायरी: पहिले वर्ष

सुरुवातीच्या वर्षात तीन सवयी लागल्या तर पुढे त्या आपोआप चालतात. पहिली, रोज रात्री एकत्र केलेली छोटी प्रार्थना. ती दोन वाक्यांची असली तरी चालते, पण त्यात एकमेकांचे नाव घेऊन आभार मानलेले असावेत. ज्याच्याविषयी देवाचे आभार आताच मानले त्याच्याशी दुसऱ्या मिनिटाला तुसडेपणाने बोलणे जड जाते, असा आमचा घरचा अनुभव आहे.

दुसरी सवय भांडणाची. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे आहे. मध्यरात्रीपर्यंत वाद घालून तो मिटवलाच पाहिजे असा याचा अर्थ घेऊ नये. थकलेली माणसे भलतेच बोलतात. मी रागावले आहे, पण मी कुठे जाणार नाही, उद्या बोलू, एवढे म्हणून झोपले तरी रागाला मुक्काम मिळत नाही. क्षमा मागताना ‘तुला वाईट वाटले असेल तर’ असे म्हणू नये. आपण काय केले त्याचे नाव घ्यावे: मी तुझ्या आईसमोर तुला कमी लेखले, ते चुकले, मला क्षमा कर. ऐकणाऱ्यानेही ‘जाऊ दे’ म्हणून विषय झटकण्यापेक्षा ‘मी क्षमा केली’ असे शब्द उच्चारावेत.

तिसरी सवय सेवेची, आणि तिचे मूळ योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. येशूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्यांच्यात त्याला धरून देणारा यहूदाही होता. घरातले कुणालाच नको असलेले काम, मग ते तुंबलेली मोरी साफ करण्याचे असो वा आजाऱ्याचे अंथरूण बदलण्याचे, न सांगता उचलणे हे त्या रुमालाचेच काम आहे. शारीरिक जवळिकीलाही हाच नियम लागू आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार सांगून थांबत नाही, पतीच्या देहावर पत्नीचाही तितकाच अधिकार सांगतो. त्या काळात हे दुसरे वाक्य ऐकणाऱ्यांना चमकवणारे होते. जिथे अधिकार दोघांचा आहे तिथे जबरदस्तीला जागा उरत नाही.

आठवी पायरी: द्राक्षारस संपतो तेव्हा

येशूचे पहिले चिन्ह गालीलातील काना गावच्या लग्नात घडले, आणि ते घडले कारण तिथे द्राक्षारस संपला होता. त्याची आई मरिया तेव्हा एकच साधे वाक्य बोलते: त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. ती कुणाला दोष देत नाही, लपवतही नाही. मग सहा दगडी रांजण, प्रत्येकी सुमारे ८० ते १२० लिटरांचे, नोकर काठोकाठ साध्या पाण्याने भरतात. विवाहात कोरडेपणा आला की नेमके हेच दोन टप्पे उपयोगी पडतात. आधी उणीव स्पष्ट शब्दांत बोलायची, एकमेकांशी, मग देवाशी, आणि गरज वाटल्यास पाळक किंवा प्रशिक्षित समुपदेशक यांच्याशी. त्यानंतर हाताशी जे साधे पाणी आहे, म्हणजे रोजचे बोलणे, रोजची कामे, रोजची प्रार्थना, त्याने रांजण भरत राहायचे. मदत मागायला उशीर करणारी जोडपीच मी जास्त पाहिली आहेत. फार लवकर मागणारे अजून कुणी भेटलेले नाही.

आता एक गोष्ट मला अतिशय स्पष्टपणे सांगायची आहे. मारहाण, धमक्या, सततचा अपमान किंवा मुलांना असलेला धोका सहन करत राहणे याला ख्रिस्ती निष्ठा म्हणत नाहीत. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात पत्नीशी केलेल्या विश्वासघाताच्या बरोबरीने देव हिंसक वागण्याचाही धिक्कार करतो, आणि इफिसकरांस पत्रात कुणीही आपल्या देहाचा द्वेष करत नाही, तर त्याचे पोषण करतो, असे म्हटले आहे. जो हात उगारतो त्यानेच करार मोडलेला असतो. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यातील ११५३वे कलमही जोडीदाराला किंवा मुलांना गंभीर शारीरिक वा मानसिक धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा देते. आधी सुरक्षित ठिकाणी जावे आणि विश्वासातल्या माणसांना, गरज असल्यास पोलिसांना, सांगावे. क्षमेचा विचार त्यानंतर, आणि क्षमा करणे म्हणजे त्याच घरात परत जाणे असे बंधन नाही. तुला होशेयसारखे सोसले पाहिजे, असे कुणी पीडित व्यक्तीला सांगत असेल तर तो शास्त्राचा दुरुपयोग करत आहे.

व्यभिचार, परित्याग आणि पुनर्विवाह या प्रश्नांवर पंथांची मते एक नाहीत. कॅथलिक धर्मसभा वैध आणि पूर्णत्वास गेलेला संस्कारविवाह मरणापर्यंत अतूट मानते, पण विवाह मुळातच वैध नव्हता का याची चौकशी करून तसा निर्णय देऊ शकते. ऑर्थोडॉक्स मंडळ्या पश्चात्तापाच्या सुराच्या वेगळ्या विधीने दुसऱ्या विवाहाला काही वेळा अनुमती देतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील व्यभिचाराच्या अपवादाचा आणि करिंथकरांस पहिल्या पत्रातील ७:१५ चा, म्हणजे विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेल्याविषयीच्या वचनाचा, आधार घेतात. हा निर्णय एकट्याने, इंटरनेटवर वाचून घेऊ नये. तुम्हाला ओळखणाऱ्या पाळकांजवळ बसून घ्यावा. ज्यांचा विवाह मोडला आहे त्यांनी तीमथ्यास दुसऱ्या पत्रातले २:१३ आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजून वाचावे: आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

नववी पायरी: तो कागद जपून ठेवा

पाचव्या पायरीत हाताने उतरवलेली शपथ शास्त्राच्या प्रतीत, होशेयच्या दुसऱ्या अध्यायापाशी ठेवावी, आणि दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी दोघांनी ती पुन्हा मोठ्याने वाचावी. ज्या शब्दाची त्या वर्षी कसोटी लागली असेल त्याच्यापुढे पेन्सिलीने एखादी खूण किंवा तारीख लिहावी. कर्ज घेतलेल्या त्या तरुणाने आणि त्याच्या पत्नीने काही वर्षांनी आपला कागद आम्हाला दाखवायला आणला होता. घडीवर तो फाटत आला होता आणि मागच्या बाजूला तिने मांडलेला पहिला हिशेब तसाच होता. ‘आजारात’ या शब्दापुढे दोन तारखा होत्या. ‘दारिद्र्यात’ या शब्दापुढे शेवटचा हप्ता फेडल्याची तारीख होती, आणि तिच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता: दोघांनी.